तलाव, टाके आणि ‘टँक’

जबलपूर शहरात चेरीताल नावाची वस्ती आहे. ‘ताल’ म्हणजे तलाव आणि ‘चेरी’ म्हणजे दासी. गढा-मंडल्याची गोंड राणी दुर्गावती हिचा अंत १५६४ मध्ये झाला. तिने राणीताल, तिच्या दासीने चेरीताल आणि दिवाण आधारसिंह याने आधारताल बांधला, असे तेथील परंपरा सांगते. पुढे इंग्रजी अंमलात अशा जलाशयांना सरकारी दप्तरांत एकच नाव मिळाले : ‘टँक’.

हा शब्द इंग्लंडातून आलेला नव्हे. तो हिंदुस्थानातूनच तिकडे गेला. सतराव्या शतकाच्या आरंभी प्रवासवर्णनांतून तो इंग्रजीत शिरला. गुजराती ‘टांकुं’ व मराठी ‘टाके’ यांच्याशी त्याचे नाते उघड आहे. परंतु पोर्तुगीजांपाशीही जलाशयवाचक ‘तांक’ हा शब्द होता व त्याचे मूळ लॅटिनमध्ये दाखविता येते. पश्चिम किनाऱ्यावर हे दोन्ही प्रवाह एकत्र मिसळले असावेत. कान्हेरीच्या लेण्यांतील खडकात खोदलेल्या टाक्यापासून मोटारीतील पेट्रोलच्या टाकीपर्यंत या शब्दाचा पल्ला असा पोहोचतो.

त्याचा सर्वांत अनपेक्षित अर्थ मात्र युद्धाने दिला. १९१५ मध्ये इंग्लंडातील लिंकन येथे एक चिलखती यंत्र गुप्तपणे तयार होत होते. ही पाणी साठविण्याची टाकी आहे, अशी बतावणी करण्यात आली आणि तेच नाव त्याला चिकटले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर हे यंत्र प्रथम उतरले. मराठीने त्यासाठी ‘रणगाडा’ हा नेमका शब्द घडविला. विचारवंतांच्या सल्लागार मंडळालाही इंग्रजीत हाच शब्द जोडतात आणि एखादा चित्रपट साफ कोसळला तरी क्रियापद हेच!

भाषांतरकाराची खरी परीक्षा जुन्या दप्तरात होते. जबलपूरच्या कागदातील ‘टँक’चे त्याने ‘टाकी’ केले, तर कित्येक एकरांचा तलाव, त्याचा बांध आणि त्यात उतरणारे पाणलोट हे सारे एका शब्दाने पुसले जाते. पुढे त्या जागेविषयी तंटा उपस्थित झाला, तर ही चूक केवळ कोशाची राहत नाही.

मुंबईत गुरे पाणी प्यायला येत, त्या तलावाला गोवालिया टँक म्हणत. तो बुजवून झालेल्या मैदानावरूनच ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ची हाक दिली गेली. धोबी तलावही तसाच बुजला. एकाचे नाव इंग्रजी वळणाचे, दुसऱ्याचे मराठी. पाणी दोन्हीकडे नाही.