घरून काम : लक्ष विचलित, शरीर अवघडलेले

मार्च 2020 मधील टाळेबंदीने देशातील असंख्य कर्मचाऱ्यांच्या घराचेच कार्यालय केले. टाळेबंदी उठली, माहिती तंत्रज्ञानासारख्या क्षेत्रांत ही पद्धत मात्र अंशतः टिकून आहे. प्रवासाचा वेळ वाचतो हे खरे, परंतु त्याची किंमत मान, पाठ आणि डोळे मोजतात.

मूळ अडचण लॅपटॉपच्या रचनेतच आहे. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात योग्य उंचीवर ठेवावेत तर मान झुकते. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर खांदे उचलले जातात. प्रौढ व्यक्तीच्या डोक्याचे वजन सुमारे 5 किलो असते आणि मान पुढे झुकली की स्नायूंवरील ताण कितीतरी वाढतो. लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून स्वतंत्र कळफलक वापरणे, हा यावरचा स्वस्त उपाय. पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझापही मंदावते व डोळे कोरडे पडतात. त्यासाठी दर 20 मिनिटांनी 20 सेकंद सुमारे 6 मीटर दूर पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सुचवतात.

लक्ष विचलित झाल्याचे खापर सहसा व्यक्तीच्या शिस्तीवर फोडले जाते. ते अन्यायाचे आहे. दोन खोल्यांच्या घरात कुकरची शिट्टी, दारावरची घंटा आणि मुलांचा अभ्यास एकाच वेळी चालतो. तुटलेला विचार पुन्हा जुळवताना वेळ जातो, काम रात्रीपर्यंत लांबते आणि तेवढेच बसणेही वाढते. स्त्रियांना हे अधिक सोसावे लागते, कारण घरी असलेली स्त्री मोकळीच आहे, असे गृहीत धरले जाते. वेगळी खोली नसेल, तर कामाच्या वेळा तरी घरात आधी सांगून ठेवाव्यात आणि दूरध्वनीवरील संभाषणे उभ्याने करावीत.