‘लॅब’ म्हणजे नेमकं कोण? रिसर्चच्या मशीनवर युजर आणि ग्रुप



पेट पास होऊन आलेल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी मला विचारलं, “दादा, लॅबच्या मशीनचा पासवर्ड काय आहे?” प्रश्न साधा आहे, मीही माझ्या पहिल्या दिवशी हाच विचारला होता. पण मशीनला पासवर्ड नसतो, माणसाला असतो. हा फरक मला उशिरा कळला, आणि तो कळायला जे घडलं ते आधी सांगतो.

मी सोलापुरात पीएचडीला लागलो तेव्हा आमच्या खोलीत कामाचं असं एकच मशीन होतं. त्यावर उबंटू होतं आणि खातं एकच, नाव ‘लॅब’. पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहिलेला. आम्ही सहा जण त्याच नावाने आत जायचो. एका सोमवारी सकाळी एका सीनियर ताईंचा फोल्डर गायब! डाळिंबाच्या पानांचे फोटो आणि त्यावर रोगाच्या डागांभोवती हाताने केलेल्या खुणा. फोटो कॅमेऱ्याच्या कार्डावर होते, म्हणून वाचले. खुणा गेल्या. चार महिन्यांचं काम होतं ते.

कमांडच्या हिस्टरीत डिलीट केल्याची ओळ सापडली. केलं कोणी? ‘लॅब’ने. लॅब म्हणजे कोण? आम्ही सहाही जण. शनिवारी संध्याकाळी शेवटी एक ज्युनियर मुलगा बसला होता, म्हणून सगळ्यांनी मनातल्या मनात त्याचं नाव लावलं. तो म्हणाला, मी नाही. त्याचं खरंही असेल, ते सिद्ध करायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. पुढे तो त्या खोलीत बसेनासा झाला. ताईंनी पुन्हा चार महिने बसून खुणा केल्या.

म्हणून आजचा विषय: कमांड लाइनवरून युजर आणि ग्रुप कसे सांभाळायचे. हे ‘कॉम्प्युटरवाल्यांचं काम’ आहे असं समजू नका. तुमचा डेटा कोणाच्या हाताखाली आहे, हा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न आहे.

(एक सूचना: कमांड इथे मी देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. जिथे गोंधळ होईल तिथे अक्षरं फोडून सांगतो.)

नाव तुमच्यासाठी, नंबर मशीनसाठी

सोलापूर गिरण्यांचं गाव. गिरणीतल्या कामगाराचं नाव काहीही असो, मस्टरवर आणि पगाराच्या खिडकीवर त्याचा बिल्ला नंबर चालायचा. लिनक्स अगदी तसंच वागतं. तुम्ही नावाने लॉगिन करता, पण आत सगळा हिशोब नंबरवर चालतो. त्याला यूआयडी म्हणतात. टर्मिनल उघडा आणि ‘आयडी’ ही दोन अक्षरांची कमांड द्या. तुमचा नंबर आणि तुम्ही कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहात ते दिसेल. उबंटूवर माणसांचे नंबर साधारण १००० पासून सुरू होतात. ० हा नंबर रूटचा. त्याला कोणी अडवत नाही.

हे मस्टर म्हणजे ‘ईटीसी’ फोल्डरमधली ‘पासडब्ल्यूडी’ नावाची साधी मजकुराची फाइल. ती कोणालाही वाचता येते. एका माणसाची एक ओळ, आणि ओळीत विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले सात रकाने: नाव, पासवर्डची जागा, युजर नंबर, मुख्य ग्रुपचा नंबर, पूर्ण नाव वगैरे माहिती, होम फोल्डर, आणि लॉगिन केल्यावर सुरू होणारं शेल. दुसऱ्या रकान्यात नुसता ‘एक्स’ दिसेल. खरा पासवर्ड, तोही उलटा सोडवता येणार नाही अशा हॅशच्या रूपात, शेजारच्या ‘शॅडो’ फाइलमध्ये असतो, आणि ती साध्या युजरला उघडता येत नाही.

एवढी काळजी कशाला? कारण हा धडा आपल्यासारख्याच एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने शिकवलाय! अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने १९६१ मध्ये सीटीएसएस ही यंत्रणा दाखवली. अनेकांनी एकच कॉम्प्युटर एकाच वेळी वापरायचा, म्हणून प्रत्येकाला खातं आणि पासवर्ड दिला. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला चारच तास मिळायचे आणि त्याचं काम त्यात भागत नव्हतं. १९६२ मध्ये त्याने सरळ पासवर्डची फाइल छापून मागवली आणि इतरांच्या नावाने तास वापरले. हे त्याने पुढे स्वतःच कबूल केलं. १९६६ मध्ये तर एका चुकीमुळे लॉगिनच्या स्वागत-संदेशाच्या जागी पासवर्डची फाइलच सगळ्यांना दिसली. आमच्या फळ्यावरचा खडू त्याहून वेगळा नव्हता.

तीन दारं, आणि पहिलं लागलं की संपलं

प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक ग्रुप असतो. तुम्ही फाइल उघडायला गेलात की लिनक्स तीन प्रश्न याच क्रमाने विचारतं. हा मालक आहे का? नसेल तर, हा त्या ग्रुपमध्ये आहे का? तेही नसेल तर तो ‘इतर’. जिथे पहिलं ‘हो’ मिळतं, तिथलीच परवानगी लागू होते, पुढचं बघितलं जात नाही. परवानग्या तीन: वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणं’ म्हणजे आत शिरणं. म्हणून ७५० म्हणजे मालकाला सगळं, ग्रुपला वाचणं आणि आत शिरणं, इतरांना काही नाही.

आता लक्ष देऊन वाचा, इथे भलेभले चुकतात. फाइल डिलीट करायची परवानगी फाइलवर नसते, ती फोल्डरवर असते. तुमची फाइल फक्त तुम्हालाच लिहिता येईल अशी ठेवलीत, पण फोल्डरवर सगळ्या ग्रुपला लिहायची परवानगी असेल, तर शेजारी ती सुधारू शकणार नाही, पण उडवू शकेल!

चला, नीट मांडणी करू

समजा डाळिंबाच्या डेटावर चौघं काम करताहेत. ज्याच्याकडे सुडोचे अधिकार आहेत त्याने हे करायचं. आधी प्रत्येकाचं वेगळं खातं:

सुडो ॲडयुजर स्कॉलर४

उबंटूवर ही कमांड पासवर्ड विचारते आणि होम फोल्डरही करून देते. ‘युजरॲड’ अशी उलट्या क्रमाची कमांडही आहे. ती मूळची, पण उबंटूवर नुसती दिली तर होम फोल्डर होत नाही. मग ग्रुप करा आणि माणसाला त्यात घ्या:

सुडो ग्रुपॲड डाळिंब
सुडो युजरमॉड -एजी डाळिंब स्कॉलर४

इथला ‘ए’ लहान लिपीतला, ‘जी’ मोठ्या लिपीतला. हा ‘ए’ विसरू नका. ‘ए’ म्हणजे आहे त्यात भर घाल. तो गाळला तर कमांडचा अर्थ ‘याचे बाकी जादा ग्रुप काढ आणि एवढाच ठेव’ असा होतो. स्वतःवरच ही चूक केलीत तर तुम्ही सुडोच्या ग्रुपमधून बाहेर, आणि परत आत यायला दुसरा सुडोवाला शोधा. दुसरं म्हणजे, ग्रुपमध्ये घेतल्यावर त्या माणसाने एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायचं. चालू लॉगिनला नवा ग्रुप कळत नाही. “सर, मला अजून परमिशन नाही” या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता फोल्डर. मी दोन करायला सांगेन. एक ‘कच्चा’, म्हणजे मूळ डेटा. एक ‘काम’, म्हणजे रोजची उलथापालथ.

सुडो एमकेडीआयआर -पी /डेटा/कच्चा /डेटा/काम
सुडो सीएचजीआरपी डाळिंब /डेटा/कच्चा /डेटा/काम
सुडो सीएचमॉड २७५० /डेटा/कच्चा
सुडो सीएचमॉड ३७७० /डेटा/काम

‘कच्चा’चा मालक ‘सीएचओन’ कमांडने (सी, एच, ओ, डब्ल्यू, एन) एकाच जबाबदार माणसाला करा. बाकीच्यांना वाचता येईल, पण त्यात भर घालता येणार नाही आणि काही उडवताही येणार नाही. सुरुवातीचा २ म्हणजे आत तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप डाळिंब ग्रुपची होईल. ‘काम’च्या सुरुवातीचा ३ म्हणजे २ अधिक १. तो १ सांगतो की आतली फाइल उडवायची तर ती फाइलच्या मालकाने, फोल्डरच्या मालकाने किंवा रूटने. शेजाऱ्याने नाही. आमच्या मशीनवर वेगळी खाती आणि हा १ असता, तर त्या शनिवारी ताईंचं काम दुसऱ्या कोणाच्या हातून जाऊच शकलं नसतं.

अजून एक बारकावा: यूमास्क. नवी फाइल तयार होताना कोणत्या परवानग्या काढून घ्यायच्या ते हा आकडा ठरवतो. बऱ्याच मशीनवर तो ००२२ असतो. मग तुमची फाइल ग्रुपला वाचता येते, पण सुधारता येत नाही. एकत्र लिहायचं असेल तर ०००७ ठेवा. ग्रुपने फक्त वाचावं असं असेल तर ००२७.

आणि खरं सांगायचं तर परमिशन म्हणजे बॅकअप नव्हे. स्वतःच्या हाताने स्वतःची फाइल उडवण्यापासून कोणताही ग्रुप तुम्हाला वाचवणार नाही. प्रत्येक डिलीटची नोंद मशीन आपोआप ठेवतं असंही नाही. पण वेगळं खातं असलं की प्रत्येकाची हिस्टरी त्याच्या होम फोल्डरमध्ये वेगळी राहते, आणि सुडो वापरून केलेली कमांड कोणाच्या नावाने दिली याची नोंद लॉगमध्ये होते.

माणूस गेल्यावर

पीएचडी संपते, माणूस जातो, खातं राहतं. मग कोणीतरी साफसफाई म्हणून ‘युजरडेल -आर’ देतं. हा ‘आर’ होम फोल्डरसकट उडवतो, म्हणजे गेलेल्या माणसाच्या सगळ्या स्क्रिप्टसुद्धा. ‘आर’ न देता खातं काढलं तरी एक घोळ राहतो. फाइलींवर फक्त नंबर उरतो, आणि पुढे नव्या विद्यार्थ्याला तोच नंबर मिळाला, तर जुन्याच्या फाइलींचा तो आपोआप मालक होतो. बिल्ला दुसऱ्याच्या गळ्यात गेल्यासारखं.

म्हणून काढू नका, बंद करा. ‘युजरमॉड -एल’ (मोठ्या लिपीतला एल) पासवर्डला कुलूप लावतं. पण एसएसएच की वापरून येणारा तरीही आत येऊ शकतो, म्हणून ‘युजरमॉड -ई १’ (लहान लिपीतला ई) देऊन खात्याची मुदतही संपवा. तो १ म्हणजे १ जानेवारी १९७० नंतरचा पहिला दिवस, अर्थात केव्हाच उलटून गेलेली तारीख. डेटा जबाबदार माणसाच्या नावावर करा, मग बाकीचं बघा.

उद्या पुण्याच्या मशीनवर बसाल तेव्हा

हे फक्त खोलीतल्या एका मशीनपुरतं नाही. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० तयार केला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्याच्याच आयसरमध्ये परम ब्रह्म बसला. अशा मशीनवर तुम्ही सोलापुरातून टर्मिनलनेच जाल. तिथे सुडो मिळणार नाही. तुमच्या हातात असेल तुमचं खातं, तुमचा ग्रुप आणि तुमच्या फाइलींच्या परवानग्या. वापरलेल्या वेळेचा हिशोबही खात्यावर आणि प्रोजेक्टवर लागतो. तिथे मित्राला पासवर्ड दिलात, तर त्याने जे काही केलं ते कागदोपत्री तुम्हीच केलेलं असतं. शेरच्या वेळेपासून हे बदललेलं नाही.

तेव्हा रिसर्चला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी करा. ‘आयडी’ देऊन आपण कोण आहोत ते बघा. ‘एलएस -एल’ देऊन आपल्या डेटाचा मालक कोण आणि ग्रुप कोणता ते बघा. आणि सगळ्यांचं खातं एकच असेल, तर गाइडना जाऊन सांगा, “सर, मला माझं वेगळं खातं हवंय.” कोणी म्हणेल, आपल्या माणसांवर विश्वास नाही का? तर सांगा की विश्वास आहे, म्हणूनच हवंय. उद्या काही बिघडलं तर कोणावरही उगाच संशय यायला नको.

आमच्या फळ्यावरचा पासवर्ड आता पुसलाय. त्या नव्या मुलीला मी तिच्या नावाचं खातं करून दिलं आणि पहिला पासवर्ड तिलाच टाइप करायला लावला, माझं तोंड भिंतीकडे करून. काही अडलं तर खाली विचारा. फक्त तुमचा पासवर्ड तेवढा लिहू नका!