हे मशीन हलणार नाही!

चालू व्हर्च्युअल मशीन बंद न करता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणे म्हणजे लाइव्ह मायग्रेशन. केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी 2005 च्या शोधनिबंधात झेन या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवर ‘क्वेक 3’ खेळाचा सर्व्हर असा हलवून दाखवला. खंड पडला जेमतेम 60 मिलिसेकंदांचा!

प्रत्येक मशीनला हे जमत नाही. थेट जोडलेला जीपीयू किंवा नव्या सर्व्हरचा न जुळणारा प्रोसेसर आड येऊ शकतो. कुबरनेटिसवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या कुबेव्हर्ट प्रणालीमध्ये डिस्क दोन्ही सर्व्हरना एकाच वेळी वापरता येत नसेल, तरीही अडते. तिथे प्रत्येक चालू मशीनच्या स्थितीत ‘लाइव्ह मायग्रेटेबल’ ही नोंद असते, नकार असेल तर कारणासह. खरा घोळ होतो तो, सर्व्हर रिकामा करताना मशीनचे काय करायचे या धोरणात ‘स्थलांतर करा’ लिहिलेले असते आणि मशीन मात्र हलण्याजोगे नसते तेव्हा. देखभालीसाठी सर्व्हर रिकामा करायला घेतला की काम तिथेच अडकून बसते. अशा मशीनसाठी कुबेव्हर्ट धोक्याचा इशारा देतो, पण तो पाहतो प्रशासक. मशीन ज्याचे आहे त्यालाही तो ठळक दिसलाच पाहिजे.

गूगल क्लाउडवर जीपीयू असलेली मशीन देखभालीच्या वेळी थांबवली जातात. पूर्वसूचना सहसा मिळते 60 मिनिटांची. रात्रभर चालणाऱ्या गणनेला एवढा वेळ अपुरा पडू शकतो. म्हणून मशीन तयार केले त्याच दिवशी ते हलण्याजोगे आहे का ते तपासा आणि काम ठरावीक अंतराने जतन होत राहील अशी सोय करा.