पोरगा खेळत नाही, सामना बघतोय : ई-स्पोर्ट्स पालकांनी कसं समजून घ्यावं?

पालकसभेत आम्हा शिक्षकांकडे हल्ली एक तक्रार हमखास येते. "सर, मोबाईलमधून गेम काढून टाकला, तरी पोरगा त्यातच डोकं घालून बसतो." मुलाला नीट विचारलं तर कळतं, की तो खेळत नसतो, दुसऱ्यांचा खेळ बघत असतो. अम्मी-अब्बूंना हे आणखीच कोड्यात टाकतं. स्वतः खेळण्यात मजा असेल, पण दुसरा खेळतोय ते बघायचं कशाला?

आता बघा, आपल्यापैकी कितीजण लेदर बॉलवर क्रिकेट खेळलेत? तरी भारताचा सामना असला की घरातली कामं थांबतात. मोहल्ल्यात कॅरमच्या बोर्डाजवळ खेळणारे चार असतात आणि बघणारे दहा. त्यातला प्रत्येकजण कोणता शॉट घ्यायला हवा होता ते सांगत असतो. व्हिडिओ गेमचा सामना बघणारी मुलंही हेच करतात.

ई-स्पोर्ट्स म्हणजे नेमकं काय?

संघ, नियम, पंच आणि वेळापत्रक ठरवून व्हिडिओ गेमची स्पर्धा घेतली, की त्याला ई-स्पोर्ट्स म्हणतात. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ते प्रदर्शनीय खेळ म्हणून होतं. तिथे भारताच्या तीर्थ मेहताने 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य जिंकलं. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदकं अधिकृतपणे मोजली गेली. त्याआधी, डिसेंबर 2022 मध्ये, भारत सरकारने ई-स्पोर्ट्सची जबाबदारी क्रीडा मंत्रालयाकडे दिली होती.

सामना कसा वाचायचा?

आपल्याकडे सर्वाधिक चर्चा असते ती बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडियाची. सरकारने 2020 मध्ये पबजी मोबाईलवर बंदी घातली, त्यानंतर 2021 मध्ये हा गेम भारतासाठी आला. त्याच्या मोठ्या स्पर्धेत एका सामन्यात साधारण 16 संघ असतात. प्रत्येकी चार, म्हणजे एकूण 64 खेळाडू. सगळे पॅराशूटने एका मोठ्या मैदानात उतरतात, शस्त्रं आणि साहित्य गोळा करतात. नकाशावर एक गोल असतो, तो टप्प्याटप्प्याने लहान होत जातो. गोलाच्या बाहेर राहिलात तर जीव कमी होत जातो, म्हणून सगळ्यांना आत यावंच लागतं. अर्ध्या तासाच्या आसपास सामना संपतो.

खरी गंमत गुणांत आहे. शेवटपर्यंत टिकणाऱ्या संघाला 10 गुण, दुसऱ्याला 6, मग 5, 4, 3, 2 आणि सातव्या-आठव्याला एकेक. शिवाय बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक गुण. समजा, एका संघाने सामना जिंकला पण तिघांनाच बाद केलं, तर त्याचे 13 गुण. दुसरा आलेल्या संघाने नऊ जणांना बाद केलं असेल तर त्याचे 15. म्हणजे जिंकूनही मागे! दिवसभरात असे चार-सहा सामने होतात आणि बेरीज पुढे जात राहते. लपून टिकायचं की धोका पत्करून भिडायचं, हा हिशोब प्रत्येक कप्तानाला सतत करावा लागतो. आणि बघणारी मुलंही तो मनातल्या मनात करत असतात.

आणखी एक गोष्ट. खेळाडूला फक्त त्याच्या समोरचं दिसतं. प्रेक्षकाला मात्र टेकडीमागे दबा धरून बसलेला संघही दिसतो. "अरे, तिकडे जाऊ नकोस!" असं पोरगं एकदम ओरडतं ते त्यामुळेच. खेळणाऱ्याला न मिळणारी ही मजा बघणाऱ्यालाच मिळते.

सामना वेगळा, स्ट्रीम वेगळी

इथे पालकांनी सावध राहायला हवं. स्पर्धेला सुरुवात आणि शेवट असतो. एखाद्या खेळाडूच्या स्वतःच्या चॅनेलवरची लाईव्ह स्ट्रीम मात्र तासन्‌तास चालते, मध्यरात्र उलटली तरी. तिथे काही जणांच्या तोंडी शिव्या असतात. आपलं नाव वाचलं जावं म्हणून मुलं 'सुपरचॅट'मधून पैसेही पाठवतात, आणि ते पैसे अनेकदा अब्बूंच्या खात्यातले असतात.

वेळेचं तर आणखी विचित्र आहे. बीजीएमआय 2023 मध्ये परत सुरू झाला, तेव्हा 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांचीच खेळायची मुभा ठेवली गेली. बघण्याला अशी मर्यादा कुणी घातलेली नाही. ती घरातच घालावी लागते.

पैजांचा प्रश्न याहून गंभीर. कोण जिंकणार यावर पैसे लावणं हा सरळ जुगार आहे, मग तो क्रिकेटवर असो वा गेमवर. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही हाच फरक केलाय : ई-स्पोर्ट्सला मान्यता, पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी. स्ट्रीमच्या खाली "टीम निवडा, पैसे कमवा" अशी लिंक दिसली, तर मुलाला तिथेच थांबवा आणि कारणही सांगा.

घरात काय करता येईल?

मोबाईल हिसकावून घेतला तर मूल मित्राच्या मोबाईलवर बघतं. आमचा सल्ला असा, की एकदा त्याच्या शेजारी बसून एक अख्खा सामना बघा. तुझा संघ कोणता, आता गोल कुठे सरकतोय, पहिला येऊनही गुण कमी कसे, असं विचारा. मुलं उत्साहाने समजावतात. त्या बोलण्यातूनच ते स्पर्धा बघतंय की नुसतं स्क्रोल करतंय, हे तुम्हाला कळेल.

नियम ठरवताना मिनिटांपेक्षा सामने मोजा. "दहा वाजता बंद" म्हटलं तर ऐन शेवटच्या गोलात भांडण होतं. "आज दोन सामने, मग अभ्यास" हे मुलांना पटतं. मोबाईलऐवजी हॉलमधल्या टीव्हीवर लावा, म्हणजे काय चाललंय ते सगळ्यांना दिसेल. नमाज, जेवण आणि झोपेच्या वेळा मात्र ठाम ठेवा. झालेला सामना नंतरही बघता येतो, हे मुलांना माहीत असतं.

लहान मुलांना बंदुकांचे गेम दाखवायचे नसतील तर फुटबॉलचे गेम आहेत, बुद्धिबळ आहे. 2025 मध्ये रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये बुद्धिबळाचाही समावेश झाला आणि मॅग्नस कार्लसन जिंकला. ते सामने भाऊ-बहीण एकत्र बसून बघू शकतात.

आणि मुलगी बघत असेल तर "हे मुलांचं काम" म्हणून तिला उठवू नका. नियम दोघांना सारखेच असावेत.