सेकंदाला शंभर वेळा शून्य

काडेपेटीहून लहान, निळ्या रंगाचा रिले हातात घ्या. पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी. खालीच १० अँपिअर, ३० व्होल्ट डीसी. आतली टोकं तीच, करंट तेवढाच, मग डीसी म्हटल्याबरोबर २५० चे ३० का झाले?

इथे यूएईतल्या उम्म अल कुवैनच्या सॉकेटातही आपल्यासारखीच ५० हर्ट्झची वीज येते. म्हणजे दर सेकंदाला ती १०० वेळा शून्यावर उतरते! रिलेची टोकं सुटताना मधली हवा तापून पेटते आणि त्या ज्वाळेतूनच करंट वाहत राहतो. एसीत पुढचं शून्य फार तर १० मिलिसेकंदांवर असतं. तिथे ज्वाळेचं दाणापाणी तुटतं, ती विझते. डीसीला शून्यच नाही. सोलर पॅनेलच्या जास्त व्होल्टच्या लाइनवर हाच रिले लावलात, तर तो बंद होण्याऐवजी आतून जळत राहील.

असा रिले घालून घरी केलेल्या स्विच-बॉक्सचं अवघड काम असं वीज स्वतःच करते. उरलेलं मात्र चोख हवं. इथल्या तीन चौकोनी पिनांच्या ब्रिटिश प्लगच्या पोटातच फ्यूज असतो, बहुधा १३ अँपिअरचा. दिवा आणि माशांच्या टाकीचा पंप एवढंच चालवायचं, तर ३ चा पुरे. (एअर कंडिशनर असल्या डब्यावर लावायचा विचारही नको.) रिले फेजवरच घ्या, न्यूट्रल तोडलात तर पंप थांबेल, पण त्याच्यात फेज तसाच राहील. गावाकडची लाल-काळ्याची सवय इथे विसरा: फेज तपकिरी, न्यूट्रल निळी, अर्थिंग हिरवी-पिवळी. आणि डब्याच्या आत अर्थिंगची वायर मुद्दाम थोडी लांब सोडा. केबलला हिसका बसलाच, तर ती सगळ्यांत शेवटी निघायला हवी.

खाडीकाठची हवा दमट नि खारी. बोर्डावर मिठाचा ओलसर थर धरला की विजेला पृष्ठभागावरून वाट मिळते. म्हणून चांगल्या बोर्डाला रिलेखाली आरपार खाच कापलेली असते. डबाही घट्ट बंद होणारा हवा.

घरच्या मुख्य वीज-पॅनेलमधला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सतत ताडून पाहतो. फरक पडला की क्षणात लाइन तोडतो. पण एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आली तर फरक पडतच नाही, त्याच्या लेखी तुम्हीही एक दिवाच. झाकण उघडायचं ते प्लग काढूनच.