१८८२ : एका शाळेची परीक्षा

१८८२च्या सप्टेंबरात पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये एक मोठा पाहुणा आला. विल्यम विल्सन हंटर हे त्या पाहुण्याचं नाव. हिंदुस्थानातल्या शिक्षणाची तपासणी करायला सरकारने त्याच वर्षी जो आयोग नेमला होता, त्याचे ते अध्यक्ष होते. त्यांनी शाळा पाहिली आणि मोकळेपणाने शेरा दिला : साऱ्या हिंदुस्थानात या जोडीची एकही संस्था आपल्या पाहण्यात नाही, सरकारची मदत न घेता ही शाळा सरकारी हायस्कुलांशी बरोबरी करते, आणि परदेशांतल्या शाळांशेजारीही ती शोभून दिसेल. शाळेचं वय तेव्हा पुरतं तीन वर्षांचंही नव्हतं.

हा शेरा ऐकायला शाळेतले दोन शिक्षक हजर नव्हते. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर त्या वेळी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. आणि ज्यांच्या मनात ही शाळा पहिल्यांदा आली, ते विष्णुशास्त्री चिपळूणकर मार्चमध्येच वारले होते, वयाची बत्तिशी गाठण्याआधी.

शाळेचा इतिहास सांगताना सगळे १८८०च्या जानेवारीपासून सुरुवात करतात. तशी ती करायलाच हवी. पण शाळा खरोखर उभी राहिली की नाही, याचा निकाल लागला तो १८८२मध्ये.

शाळा निघाली त्याच्या आदल्या वर्षाचं पुणं आठवून पाहावं. १८७९च्या मेमध्ये बुधवार वाडा जळाला, विश्रामबाग वाड्यालाही आगीची झळ लागली. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार बिथरलेलं होतं आणि त्याच जुलैत फडके पकडले गेले. सुशिक्षित पुणेकराकडे सरकारचा माणूस संशयाने पाहत होता. अशा दिवसांत सरकारी शाळेतली मास्तरकी सोडून स्वतःची शाळा काढण्याचं विष्णुशास्त्र्यांनी ठरवलं. ‘निबंधमाला’ १८७४पासून चालू होती, त्यामुळे त्यांचं नाव घराघरांत गेलेलं. त्यांची रत्नागिरीला बदली झाली होती, आणि ती नोकरी टिकवण्यात त्यांना काही राम उरला नव्हता. त्यांना येऊन मिळाले ते नुकते एलएल.बी. झालेले टिळक आणि उद्योगी वृत्तीचे महादेव बल्लाळ नामजोशी. शाळा निघाल्यावर वामन शिवराम आपटे आले आणि एम.ए. झाल्यावर १८८१च्या आरंभी आगरकर.

आगरकरांनी आपल्या आईला लिहिलेलं पत्र मराठी घरांत अजून सांगितलं जातं. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता चांगला पगार येईल, अशी आशा धरू नकोस; पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून बाकीचा वेळ मी परहितासाठी घालवणार, असा त्याचा आशय. हे शब्द लिहिणाऱ्याच्या घरी खरोखरच दारिद्र्य होतं, म्हणून त्यांना वजन आहे.

पुण्यात खासगी शाळा नव्हत्या असं नाही. बाबा गोखल्यांची शाळा होती. वामन प्रभाकर भाव्यांची पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन १८६०पासून चालली होती. तेव्हा सरकारी पैशाशिवाय शाळा चालवता येते, हे पुण्याला ठाऊक होतं. नवं होतं ते हे, की विद्यापीठाच्या मोठ्या पदव्या घेतलेली माणसं मुन्सफी, मामलत आणि वकिली बाजूला ठेवून मास्तर होत होती. शाळा बुधवारातल्या मोरोबादादांच्या वाड्यात भरू लागली. पहिल्या दिवशी मुलं पन्नासदेखील नव्हती. वर्ष सरताना ती तीनशेवर गेली होती. पहिल्या वर्षी टिळक आणि नामजोशी यांनी पगार म्हणून पैसुद्धा घेतली नाही.

मुलं वाढली ती निव्वळ देशभक्तीच्या बळावर नव्हे. पालक शाळा निवडतो तो मॅट्रिकचा निकाल बघून. तेव्हाही तसंच होतं. संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे, आणि त्या काळी तिच्याएवढा मान दुसऱ्या कशाला नव्हता. सुरुवातीच्या वर्षांतच या शाळेच्या मुलांनी ती पटकावली. यामागे आपट्यांचा हात होता. आज संस्कृतचा अभ्यासक ज्यांचा कोश हाताशी घेऊन बसतो, तेच हे आपटे. त्यांचं संस्कृत रचनेवरचं पुस्तक याच शाळेत शिकवता शिकवता तयार झालं. कडक शिस्तीचा आणि घड्याळाच्या काट्यावर चालणारा हा माणूस १८८२मध्ये अवघा चोवीस वर्षांचा होता. टिळक गणित आणि संस्कृत शिकवत. गणित फळ्यावर न मांडता तोंडीच सोडवून पुढे जाण्याची त्यांची रीत होती. हुशार मुलं खूश होत, मागच्या बाकावरच्यांची मात्र दमछाक होई. वर्गात या दोघांचं शिकवणं एकमेकांहून वेगळं होतं, आणि शाळेला दोन्हींचा फायदा झाला.

त्यात १८८१च्या जानेवारीत याच शिक्षकांची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रं सुरू झाली. दिवसा वर्ग आणि रात्री मुद्रितं अशी शिक्षकांची दिनचर्या होऊन बसली. संकट आलं ते वर्तमानपत्राच्या वाटेने. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होतो आहे, या समजातून दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर दोन्ही पत्रांनी टीका केली. ज्या पत्रांचा आधार घेतला, ती बनावट निघाली. संपादक टिळक-आगरकर यांनी माफी मागितली, तरी बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. जामिनाचा प्रश्न आला तेव्हा जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे पुढे झाले. शेटजी-भटजींवर कोरडे ओढणाऱ्या फुल्यांनी दोन ब्राह्मण संपादकांसाठी हे केलं, याची आठवण पुण्याने नीट जपायला हवी होती.

१७ जुलै १८८२ला टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांचा सव्विसावा वाढदिवस नुकता उलटला होता. टिळकांचा सव्विसावा तुरुंगातच आला. रात्ररात्र दोघे वाद घालत. एवढं शिकून लोकांचं काय झालं, पुढे कॉलेज कसं काढायचं, हे वादाचे विषय. आवाज चढला की पहारेकरी दटावत. आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं भाषांतर याच काळात हाती घेतलं, ‘विकारविलसित’ या नावाने ते पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. सूट मिळून शिक्षा एकशे एक दिवसांवर आली आणि २६ ऑक्टोबरला दोघे बाहेर पडले.

त्या एकशे एक दिवसांत शाळेचं काय झालं? शाळा चालू राहिली. आपटे-नामजोशी आणि त्यांचे सहकारी यांनी तास घेतले, परीक्षा घेतल्या, हंटरसाहेबांना वर्ग दाखवले. संस्थापक गेला आणि दोन प्रमुख शिक्षक तुरुंगात असले, तरी फळ्यावरचा धडा अडला नाही. हंटर यांनी स्तुती केली ती नेमकी या शाळेची. एखादी शाळा एका माणसाच्या तेजावर चालते की तिच्या घडणीवर, हे तो माणूस नसतानाच कळतं. न्यू इंग्लिश स्कूल घडणीवर चालत होती.

मुलांनी काय केलं, तेही पाहू. विष्णुशास्त्री गेले तेव्हा हरि नारायण आपटे अठरा वर्षांचे आणि याच शाळेत शिकणारे. त्यांनी ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य लिहिलं. पण गुरूंवरची ही भक्ती आंधळी नव्हती : पुढच्या वर्षी ‘विकारविलसित’ आलं, तेव्हा आपल्याच गुरूच्या भाषांतराची चिकित्सा करणारा बहात्तर पानांचा लेख याच मुलाने लिहिला. ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहिणारी लेखणी अशी तयार होत होती. मॅट्रिकच्या गुणपत्रिकेपेक्षा मला ही बहात्तर पानं शाळेची मोठी कमाई वाटतात, कारण गुरूची चूक काढण्याचं धैर्य वर्गातच मिळावं लागतं. शिवराम महादेव परांजपे हेही याच शाळेचे विद्यार्थी. चिपळूणकर आणि टिळक दोघांच्या हाताखाली ते शिकले, शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले, पुढे ‘काळ’ पत्र काढलं आणि १९०८मध्ये राजद्रोहासाठी शिक्षा भोगली.

एवढ्यावर हे चित्र पुरं होत नाही. ज्या आयोगाच्या अध्यक्षाने शाळेचं कौतुक केलं, त्याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, म्हणजे टिळक-आगरकरांच्या सुटकेच्या आठवडाभर आधी, जोतीराव फुल्यांनी आपलं निवेदन सादर केलं. शिक्षणाचा पैसा शेतकऱ्याच्या सारा-पट्टीतून येतो आणि त्याचा लाभ मूठभर वरच्या वर्गाला होतो. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, शिक्षक शेतकरी वर्गातूनही घ्या, असं त्यांनी मागितलं. मोरोबादादांच्या वाड्यातल्या बाकांवर बसणारी बहुतेक मुलं ब्राह्मणांची होती, आणि ती सगळी मुलगेच. मुलींचं हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, १८८४मध्ये निघालं, तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमाविरुद्ध टिळकांच्या पत्रांतून लिहिलं गेलं. सरकारपासून स्वतंत्र असलेली शाळा आपल्या समाजाच्या चौकटीपासून स्वतंत्र नव्हती. ही त्रुटी मोठी आहे, आणि शाळेवर प्रेम करणाऱ्यानेच ती आधी सांगावी.

तुरुंगातल्या बोलण्याला फळ आलं. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आपटे, टिळक, आगरकर, नामजोशी, वासुदेवराव केळकर, गोळे, धारप हे तिचे आरंभीचे आजीव सदस्य. वीस वर्षं सेवा आणि महिना पंचाहत्तर रुपये, असा नियम. २ जानेवारी १८८५ला शनिवारातल्या गद्रे वाड्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं. आपटे पहिले प्राचार्य. शाळेतल्या मुलांची संख्या तोवर हजाराच्या घरात गेली होती. पुढे पगाराच्या, बाहेरच्या कामांच्या आणि सुधारणेच्या प्रश्नांवर मनं तुटली. आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८मध्ये ‘सुधारक’ पत्र काढलं, टिळकांनी १८९०च्या अखेरीस सोसायटीचा राजीनामा दिला. आपटे १८९२मध्ये चौतिसाव्या वर्षी वारले, आगरकर १८९५मध्ये अडतिसाव्या. शाळेचे वर्ग मात्र चालू राहिले. शनिवार पेठेतल्या रमणबागेत आणि टिळक रस्त्यावर त्या नावाच्या शाळा आजही भरतात.

१८८२मध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी एक नाटक केलं होतं, शेक्सपिअरचं ‘कॉमेडी ऑफ एरर्स’. खटल्यात अडकलेल्या पुण्याच्या दोन शिक्षकांसाठी निधी जमवायचा होता. त्यात स्त्रीभूमिका करणारा सोळा वर्षांचा मुलगा १८८५च्या आरंभी पस्तीस रुपये पगारावर न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाला, दुसऱ्या वर्षी आजीव सदस्य झाला. अंकगणितावर त्याने लिहिलेलं पाठ्यपुस्तक पुढे कितीतरी शाळांतून चाललं. १९०२पर्यंत तो या संस्थेत शिकवत होता. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.