हवामानाचं मॉडेल सुरू व्हायच्या आधीच का अडतं? कम्पायलर आणि लिंकरची भानगड काय असते?

पावसाचा अंदाज कॉम्प्युटर सांगतो, हे सगळ्यांना माहिती आहे. पण त्यामागचं सॉफ्टवेअर ॲपसारखं डाऊनलोड केलं की चालू, असं नसतं. डब्ल्यूआरएफ हे त्यातलं एक गाजलेलं मॉडेल. अमेरिकेतल्या एनकार या संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेलं, फोरट्रान भाषेत लिहिलेलं. त्याचा सोर्स कोड घेऊन आपल्या मशीनवर 'बिल्ड' करावा लागतो, आणि पीएचडीवाल्यांचे आठवडेच्या आठवडे जातात ते इथेच.

बिल्डमध्ये दोघे असतात. कम्पायलर एकेक फाईल मशीनच्या भाषेत आणतो, लिंकर ते तुकडे आणि बाहेरच्या लायब्ररी जोडतो. एरर कुणाची, हे आधी ओळखायचं. त्यासाठी लॉगची शेवटची ओळ नाही, तर वरून पहिली एरर बघायची. खालच्या बऱ्याचशा तिचीच पिल्लं असतात.

२०२० मध्ये जीएफोरट्रानची १० नंबरची आवृत्ती आली आणि वर्षानुवर्षं चाललेला कोड 'टाइप मिसमॅच' म्हणत अडकू लागला. एकाच फंक्शनला कधी पूर्णांक, कधी दशांश आकडे देण्याची जुनी सवय आधी खपून जायची, आता ती चूक ठरली. 'अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच' हा पर्याय दिला की एररची नुसती वॉर्निंग होते. मात्र खरीखुरी चूकही त्यात सुटून जाऊ शकते.

लिंकरची ठरलेली तक्रार म्हणजे 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. कोडने एक नाव पुकारलं, पण दिलेल्या एकाही लायब्ररीत ते सापडलं नाही. डब्ल्यूआरएफला लागणाऱ्या नेटसीडीएफची फोरट्रानची लायब्ररी वेगळी, सी भाषेची वेगळी. दोन्ही द्यायच्या आणि फोरट्रानची आधी. कारण स्टॅटिक लायब्ररी असतील तर लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि तोपर्यंत मागितलेलंच उचलतो. शिवाय इंटेलच्या कम्पायलरने बनवलेली मॉड्यूल फाईल जीएफोरट्रानला वाचताच येत नाही, म्हणून लायब्ररी आणि मॉडेल एकाच कम्पायलरने बिल्ड केलेलं बरं.

खरा घोळ मात्र एरर न देता होतो. गणिताच्या एमकेएल लायब्ररीची एक आवृत्ती पूर्णांक चार बाइटचे धरते, दुसरी आठ बाइटचे. चुकीची जोडली तरी लिंकर गप्प राहतो. नंतर प्रोग्रॅम मध्येच कोसळतो, किंवा कोसळत नाही आणि चुकीचे आकडे देत राहतो. म्हणूनच नव्या बिल्डवर आधी उत्तर माहिती असलेलं एखादं उदाहरण चालवून आकडे ताडून बघतात.